गौरीचा खुराक

कालवडीचं वजन काढायला शिंप्याची टेप लागते, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर मी जयपुरात विम्याच्या ऑफिसात बसून फक्त माणसांची वजनं विचारत आलो होतो.

आई गेली आणि जयपूरच्या झोटवाडा भागातल्या घरात मी आणि बाबा दोघंच उरलो. बाबा रेल्वेत गार्ड होते. बदलीवर सातारा सोडून इकडे आले ते इथलेच झाले. आईनंतर ते दिवसभर परसात खुर्ची टाकून बसायचे. अशात आमचा दूधवाला गुरं विकून गावी निघाला. त्याची एक कालवड कुणी घेईना. बाबा तिला कासऱ्याला धरून घरी घेऊन आले. नावही त्यांनीच ठेवलं, गौरी.

"बाबा, ही कशाला?"

"घरात आवाज तरी होईल."

मग मी गौरीला शास्त्रशुद्ध वाढवायचं ठरवलं. (दुःखात माणसाला काहीतरी मोजायला हवं असतं.) वाढत्या जनावराला वैरण किती, हिरवा रिजका म्हणजे आपला लसूणघास किती, पेंड किती, क्षार किती, सगळं मोबाइलवर पाहिलं. दर रविवारी आईच्या शिलाईच्या डब्यातली टेप घेऊन मी गौरीच्या छातीचा घेर घ्यायचो, त्यावरून वजन काढायचो आणि आठवड्याचा खुराक तोलून ठेवायचो.

पण गौरी माझ्या हिशेबापेक्षा भरभर सुटत होती. मी पेंड कमी केली. ती आणखी गुटगुटीत झाली. टेपच चुकीची असेल म्हणून तपासली. टेप ठीक होती. तपासताना तिचं टोक गौरीनं खाल्लं, एवढंच. पुढच्या रविवारी त्या तोकड्या टेपनं मोजली, तर ती एकदम म्हैस निघाली.

"तुम्ही हिला वरचं काही घालता का?"

"तू तोलून दिलंयस तेवढंच," बाबा तिच्याकडे बघत म्हणाले.

त्याच दिवसांत बाबांची पँट कमरेवरून घसरायला लागली. मी त्यांना नवीन पट्टा आणून दिला आणि मुलाचं कर्तव्य केल्याचं समाधान मानलं.

आईच्या वर्षश्राद्धाला पोळ्यांच्या बाईंनी पुरण घातलं. मी गौरीला गोग्रास दिला. बाबा रोजच्यासारखंच म्हणाले, "माझं ताट परसात दे, तिथंच बसतो." ताट रिकामं परत आलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी गौरीची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली. ती उठेना, नुसती कण्हत होती. बाबा तिचं डोकं मांडीवर घेऊन जमिनीवर बसले होते. "हिला काही होता कामा नये," एवढंच म्हणत होते.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. घशातून नळी घालून त्यांनी पोटातला वारा मोकळा केला, औषध पाजलं.

"इसे खिलाते क्या हो?"

मी मोबाइलवरचा माझा समतोल आहार दाखवला. थोडा अभिमानानंच.

"ये तो ठीक है. पर नली से खट्टे आटे की बू आ रही है. रोटी कौन देता है?"

कुणीच नाही, असं मी म्हणणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "मैं."

"कितनी?"

"जितनी मेरी थाली में होती है. आज पुरणपोळी थी."

डॉक्टरीणबाईंनी बाबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाऊजी, फिर आप क्या खाते हो?"

बाबांनी मला मराठीतच उत्तर दिलं. "ती गेल्यापासून एकट्याला घास उतरत नाही रे. ताट तसंच राहिलं की तुला वाईट वाटतं, म्हणून हिला घालायचो."

एका कालवडीचा ग्रॅमन् ग्रॅम मला पाठ होता. शेजारी खुर्चीत बसलेला माणूस वाळत चालला होता, त्याला मी पट्टा आणला होता.

दुसऱ्या दिवशी गौरी रवंथ करायला लागली. मी रजा टाकून स्वयंपाकघरात शिरलो. आई करायची तसं पिठलं केलं, बाजरीची भाकरी थापली आणि दोन ताटं घेऊन बाबांच्या शेजारी बसलो.

बाबांनी भाकरी मोडायला घेतली. मोडेना. मग दोन्ही हात लावले. तुकडा पिठल्यात बुडवून ते बराच वेळ चावत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कशानं, ते मी विचारलं नाही. शेवटी घास उतरला. त्यांनी दुसरा तुकडा मोडायला घेतला.

"ही गौरीला मात्र घालू नकोस हं," ते हळूच म्हणाले. "आत्ता कुठं तिचं पोट बरं झालंय."