उपासाचं अवजार

नाकाच्या आत काय असतं हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. असतील दोन भोकं, असं धरून मी चालले होते. त्याआधी वीस वर्षं मी गाड्यांच्या इंजिनात इंधन सोडणाऱ्या बारीक नळ्यांची डिझाइनं केली होती, त्यामुळे बारीक नळी म्हटलं की आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळत नाही, असा माझा समज होता. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केल्यावर तो समज कमी व्हायला हवा होता. उलट वाढला.

सदाशिव पेठेतल्या कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरबाईंकडे मी सर्दीसाठी गेले होते. मी काय काम करते हे कळल्यावर त्यांनी माझी सर्दी बाजूला ठेवली आणि कपाटातून एक अवजार काढून माझ्या हातात दिलं. पेन्सिलीपेक्षा बारीक, वीतभर लांब पोलादी नळी. तिच्या आत दुसरी नळी. दोन्हींना टोकापाशी एकेक लांबट खिडकी. आतली नळी फिरते. खिडक्या समोरासमोर आल्या की मागून लावलेल्या पंपाच्या ओढीने नाकात वाढलेलं मांस आत खेचलं जातं, खिडक्या एकमेकींवरून सरकताना त्यांच्या कडा ते कापतात, आणि कापलेला तुकडा, रक्त, धुवायला सोडलेलं पाणी, सगळं त्याच नळीतून मागे निघून जातं. हे परदेशी पातं लवकर बोथट होतं, दुसरं वेळेवर मिळत नाही, तुम्ही इथे करून बघता का, असं त्यांनी विचारलं. मी लगेच हो म्हणाले. माझ्या मते त्यात अवघड काही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला ऑपरेशन बघायला बोलावलं. हिरवा अंगरखा घालून मी भिंतीला टेकून उभी राहिले, आणि नाकात घातलेल्या कॅमेऱ्यातून पडद्यावर जे दिसलं ते बघतच राहिले. त्या दोन भोकांच्या मागे दालनं होती, कोनाडे होते, गुलाबी ओल्या भिंती होत्या, आणि एका कोनाड्यातून दुसऱ्यात जायला तांदूळ मावेल एवढ्या वाटा होत्या. रक्ताचा एक थेंब कॅमेऱ्यापुढे आला की सगळं लाल व्हायचं आणि बाईंचा हात जागच्या जागी थांबायचा. नळीने थेंब ओढून घेतला की ते दालन पुन्हा दिसायचं. कापणं आणि उपसणं एकाच जागी का हवं, हे मला तेव्हा कळलं. आपण सगळे हे असं आश्चर्य तोंडावर घेऊन हिंडतो आणि त्यात तपकीर कोंबतो, असं काहीसं मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने जेवायला वाढू का म्हणून विचारलं.

नळ्या करायला बिबवेवाडीतले काका होते. साठी उलटलेले, गळ्यात तुळशीची माळ, सासवडकडच्या गावातून तरुणपणी आलेले, दोन गाळ्यांचं वर्कशॉप. नळी सरळ आहे का हे बघायला ते ती काचेवर घरंगळवायचे आणि डोळे मिटून आवाज ऐकायचे. मग माझं महागडं मोजायचं यंत्र लावलं की तेही तेच सांगायचं, जरा उशिरा. या माणसाला नऊ वर्षं कशाचाही वास येत नव्हता. वर्कशॉपमध्ये वायर जळाली तरी शेजारचा ओरडेपर्यंत त्यांना पत्ता नसायचा. मी त्यांना धरून डॉक्टरबाईंकडे नेलं. दोन्ही नाकपुड्या वाढलेल्या मांसाने भरल्या होत्या. स्कॅनमध्ये आणखी एक गोष्ट निघाली. नाक आणि उजवा डोळा यांच्यामधलं हाड मुळातच कांद्याच्या सालीएवढं पातळ असतं. काकांच्यात ते मांसाने रेटून रेटून एका जागी जवळजवळ संपलं होतं.

ऑपरेशन करावं लागेल, असं बाई म्हणाल्या. काका म्हणाले, करीन, पण आपल्याच नळीने. दुसऱ्याच्या नाकात घालायची तर आधी माझ्या. बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं आणि सांगितलं की तुमचा नंबर पहिला लागणार नाही, लागलाच तर शेवटचा. औषधांवर दोनेक वर्षं काढता येतील, त्यानंतर माझ्या कपाटात असेल त्या अवजाराने मी करणार. रिक्षात काका आनंदात होते. मी नव्हते. नजरेवर जगणाऱ्या माणसाने आपला उजवा डोळा माझ्या ड्रॉइंगच्या भरवशावर ठेवला होता.

आम्ही नळ्या केल्या आणि तपासायला लागलो. वर्कशॉपमध्ये विठ्ठलाची तसबीर होती, रोज उदबत्ती लागायची, तिथे मटण आणायचा प्रश्नच नव्हता. मी स्वतः खाणारी, पण काकांच्या माळेचा मान राखायचा म्हणून नळीपुढे शहाळ्याची मलई धरली, पनीर धरलं, सोललेली द्राक्षं धरली, अळंबी धरली. खरं सांगायचं तर माळेचं हे निम्मंच कारण. मऊ ते मऊ, त्यात काय एवढं, असं मलाही वाटत होतं. मी जोरदार पंप लावला होता आणि वाटीभर पनीर बघता बघता गडप व्हायचं. काका टाळी द्यायचे. मला वाटायचं, परदेशी कंपन्यांनी आता दुकान बंद करावं.

शिकाऊ डॉक्टर बोकडाच्या मुंडीवर ऑपरेशनचा सराव करतात. अशा एका सरावाच्या दिवशी बाईंनी आमची नळी लावून बघितली. ती अर्धा मिनिट चालली आणि घरघर करून अडकली. दुसरी लावली, तीही अडकली. बाईंनी नळी भिंगाखाली धरली. आतल्या आणि बाहेरच्या नळीच्या मधल्या फटीत एक पांढरा धागा खेचला गेला होता. कापला न जाता नुसता ताणला आणि गुंडाळला गेला होता. तुम्ही कशावर तपासलं, असं त्यांनी विचारलं. मी यादी सांगितली. पंधरा तरुण डॉक्टर ऐकत होते.

"छान," बाई म्हणाल्या. "उपासाला चालेल असं अवजार केलंय तुम्ही."

पनीरला धागा नसतो. मांसाला असतो. एवढी साधी गोष्ट, स्वयंपाकघरात तीस वर्षं मटण शिजवणाऱ्या बाईला कळली नव्हती. आजही ते आठवलं की माझे कान गरम होतात.

काकांना मी नळी अडकली एवढंच सांगितलं. मांसावर तपासावं लागेल, हेही चाचरत म्हणून बघितलं. त्यांनी माळेला हात लावला आणि म्हणाले, दुसरीकडं करा. दुसरीकडे कुठे? पंप, भिंग, मोटर, सगळं त्यांच्याच गाळ्यात पक्कं बसवलेलं. मग मी जे केलं त्याची मला लाज वाटते. गुरुवारी वर्कशॉपला सुट्टी असायची. मी कसब्यातल्या दुकानातून मटण घेतलं, वॉचमनकडून किल्ली घेतली आणि आत बसले. फिनेलने पुसून टाकलं की झालं, त्यांना वास येतोय कुठे, असा हिशेब मी चक्क केला होता.

तिसऱ्या गुरुवारी काम लांबून दिवेलागण झाली, आणि दार उघडलं. सुट्टीच्या दिवशीही काका देवापुढे दिवा लावायला येतात, हे मला इतक्या दिवसांत माहीतच नव्हतं. माझ्यापुढे ताटलीत मटण होतं, हाताला लागलेलं होतं. सांगायला काही उरलं नव्हतं.

"मला वास येत न्हाई ताई," ते म्हणाले, "पण दिसतंय अजून."

मी उठून उभी राहिले. सगळं उचलते म्हणाले, माफी मागितली. त्यांनी धुतलेला पंचा काढून तसबिरीवर टाकला, मग दिवा न लावता माझ्याकडे आले. ताटलीकडे बघितलं नाही. भिंगाला डोळा लावला आणि म्हणाले, चालवा, कुठं अडकतंय ते बघू द्या.

मी चालवत राहिले आणि ते तासभर बघत राहिले. मी पंपाचा जोर वाढवला की ते नकारार्थी मान हलवायचे. शेवटी त्यांनी मला शिंप्याची कात्री आणायला लावली. कात्रीची पाती मिटताना कधीच सगळी एकदम टेकत नाहीत. एका ठिकाणी टेकतात आणि तो टेकलेला बिंदू टोकाकडे पळत जातो. सगळी एकदम टेकली की कात्री कापड चघळते. आपल्या खिडक्यांच्या कडा सरळ आहेत, त्या एकदम मिटतात, म्हणून धागा चघळला जातोय, असं ते म्हणाले. आतल्या खिडकीची कड जरा तिरकी घेतली तर? मी वीस वर्षं कॉम्प्युटरवर नळ्या फिरवल्या होत्या आणि हे मला दिसलं नव्हतं. ज्या माणसाच्या गाळ्यात मी चोरून मांस आणलं होतं, तो त्याच मांसाचा धागा बघून मला शिकवत होता. रागावले असते तर बरं झालं असतं. तिथेच बसून मी रडले, आणि ते म्हणाले, कात्री ज्याची आहे त्याला परत देऊन या.

तिरक्या कडेच्या नळीने मटणाचा धागा पहिल्याच फेरीत कापला. तेव्हापासून गुरुवारी वर्कशॉपमध्ये मटणावर काम करायची मला मुभा मिळाली, पंचा मी स्वतः टाकायचा या अटीवर.

डॉक्टरबाईंनी पंपाचं खूळही माझ्या डोक्यातून काढलं. नळीला चांगलं-वाईट कळत नाही, ती ओढेल ते कापेल, असं त्या म्हणाल्या. जास्त ओढलं तर जे राहायला हवं तेही खिडकीत येणार. मग आम्ही जोर कमी केला, खिडकी अर्ध्या मिलिमीटरने अरुंद केली, आणि पायाने दाबायचं बटण सोडलं की आतली नळी नेमकी कुठे थांबावी यावर चार महिने घालवले. परवानग्या, कमिट्या, कागद यांत वर्ष गेलं. मग बाईंनी ती वापरायला सुरुवात केली, एकेका रुग्णावर, सोप्यापासून अवघडाकडे. शेवटी काकांचा नंबर लागला.

त्या दिवशी मी पुन्हा त्याच भिंतीला टेकून उभी होते. सुरुवातीचा तास सरळ गेला. आमची नळी मांस खात पुढे जात होती, रक्त वर यायच्या आत निघून जात होतं, आणि इतकी वर्षं बंद असलेली दालनं एकेक करून उघडत होती. मग बाई उजवीकडे वळल्या आणि थांबल्या.

"डोळा दाबा," त्या सहायकाला म्हणाल्या.

त्याने काकांच्या मिटलेल्या उजव्या पापणीवर बोट ठेवून हलकेच दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर, नाकाच्या आत, एक गुलाबी भिंत हलली. बाहेरून डोळा दाबला तर आत भिंत हलते, म्हणजे मध्ये हाड नाही. नुसता कातडीचा पातळ पडदा. त्याच्या पलीकडे डोळा, आणि त्या पडद्यावरच शेवटचा मांसाचा लोंबता घोस.

बाईंनी ओढ आणखी कमी करायला सांगितली आणि नळीची खिडकी डोळ्याकडे पाठ करून वळवली. घोस खिडकीत आला. पडदा त्याच्यामागून जरासा खेचला गेला, तंबूच्या कापडासारखा फुगला. बाईंनी पाय उचलला. नळी जिथे थांबायला हवी तिथे थांबली. पडदा सुटून मागे गेला. माझ्या कागदावरचा तो अर्धा मिलिमीटर, तिथे एका माणसाची नजर होती. मी कधीही फारशी देवाधर्माची नव्हते, पण त्या क्षणी मी हात जोडले, कुणाला ते माहीत नाही. बाईंनी पुन्हा पाय टेकवला, दोन फेऱ्या, आणि घोस गेला. पडदा गुलाबी, अखंड, जागच्या जागी. माणसाच्या आत इतकं नाजूक काही असतं आणि तरी आपण साठ-साठ वर्षं टिकतो, याचं मला त्या दिवशी जे नवल वाटलं ते अजून गेलेलं नाही.

काका शुद्धीवर आल्यावर बाईंनी त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे बोटं धरली. तीन, ते म्हणाले, आणि नखं वाढलीत. डोळा वाचला होता. वासाचं मात्र बाईंनी काही सांगितलं नाही. येईल किंवा येणार नाही. इतक्या वर्षांनी खात्री देता येत नाही. काका रोज मिठाच्या पाण्याने नाक धुवायचे. घरच्यांनी कापूर, लसूण, मोगरा, सगळं नाकाखाली धरून झालं. दोन महिने गेले. मग त्यांनी घरच्यांना हे थांबवायला सांगितलं. आम्हीही विषय काढेनासे झालो.

एका गुरुवारी मी नव्या नळ्या तपासत बसले होते. तसबिरीवर पंचा टाकलेला होता. काका दिव्याचं तेल घेऊन आले आणि उंबऱ्यातच थांबले. मला वाटलं, चक्कर आली. तेलाची बाटली त्यांनी हळूच खाली ठेवली आणि पंज्याने नाक झाकलं. मग हात काढला. पुन्हा झाकलं.

"हे काय मटण हाय?" त्यांनी विचारलं.

मी होकारार्थी मान डोलावली. जन्मात ज्याने मांसाला हात लावला नाही तो माणूस डोळ्यांतलं पाणी न पुसता आत आला. माझ्या ताटलीपासून हातभर अंतरावर उभा राहिला.

"लई घाण वास हाय," काका म्हणाले. "पुढच्या गुरुवारपासनं दुसरीकडं करा."

मी ताटली उचलायला गेले, तेव्हा त्यांनी हाताने मला थांबवलं. मग तिथेच उभं राहून त्यांनी छाती भरून श्वास घेतला, आणि सोडून पुन्हा घेतला.