उघाडीची पाळी

पनवेलात मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात परवानग्यांच्या फायली करते. पाणथळीजवळ इमारत उभी करायची तर कुठली ना-हरकत आधी लागते, कुठल्या टेबलावर कागद अडतो, अडला की कुणाशी गोड बोलायचं, हे मला तोंडपाठ आहे. टॉवरच्या टॉवर मी पार केले. माझ्या बापाचं तीन खोल्यांचं घर तेवढं पार करता आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

घर खाडीकाठच्या आमच्या गावात आहे. मागची भिंत खाऱ्या पाण्याने खाल्लेली. हात लावला की विटेचा भुगा तळव्यावर यायचा. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच. भिंतीला तीन बांबूंचा टेकू आणि टेकूच्या अलीकडे त्यांची खाट. खाट हलवा म्हटलं तर म्हणायचे, भिंत पडली तर बाहेर पडेल. मी रात्रंदिवस त्या भिंतीच्याच विचारात. पाऊस तोंडावर आला होता. घर पाडून नवं बांधायला परवानगी हवी होती आणि ती मिळत नव्हती, कारण आमच्या परसाला लागूनच तिवरं उगवलेली. खाऱ्या पाण्यातल्या या झाडांच्या पन्नास मीटरच्या आत बांधकाम चालत नाही. हा नियम मी दुसऱ्यांना किती वेळा समजावून सांगितला असेल, देव जाणे.

आणि ती तिवरं होती आमच्याच शेतात. माझ्या लहानपणी तिथे भात पिकायचा. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये बांध आणि बांधाला उघाडी, म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. ओहोटीला फळ्या काढून आतलं पाणी जाऊ द्यायचं, भरतीच्या आधी परत बसवायच्या. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला गावातल्या एकेका घराची पाळी असे. अशाच एका उधाणाला, आमच्या पाळीच्या दिवशी, पाणी आत घुसलं, बांध फुटला आणि अख्खं शिवार खारं झालं. फळ्या सकाळीच लावून मी पनवेलला गेलो होतो, असं बाबांनी सांगितलं. गावाने ते मानलं, कारण बाबांची पाळी कधी चुकली नव्हती. दोष गेला वरच्या अंगाला खाडीत ट्रकने टाकलेल्या मातीच्या भरावाला. मीही इतकी वर्षं भरावालाच शिव्या घालत आले.

तालुक्याच्या कचेरीत चपला झिजवल्यावर तिथल्या एका बाईंनी वाट दाखवली. जमीन मुळात शेतीची होती आणि पाणी माणसाच्या चुकीमुळे शिरलं, असा ग्रामसभेचा ठराव आणला तर फाईल वर पाठवता येईल, म्हणाल्या. मला वाटलं, सुटलो एकदाचे. त्याच संध्याकाळी गावी जाऊन मी बाबांना मसुदा वाचून दाखवला. भरावामुळे बांध फुटला, असं त्यात झोकात लिहिलं होतं.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भरावानं नाय फुटला. पाली माजी होती. मी फल्या बसवल्याच नाय."

तो दिवस मला नीट आठवतो. पनवेलच्या या माझ्या ऑफिसातच माझी मुलाखत होती आणि बाबा सोबत आले होते. आदल्या दिवसाच्या पावसाचं पाणी शेतात तुंबलेलं, म्हणून सकाळी त्यांनी उघाडी उघडीच ठेवली होती. दुपारच्या भरतीआधी परतू, असा हिशेब. आर्किटेक्ट साहेब उशिरा आले. बाबा बाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. दोनदा म्हणाले, मी पुढे जातो, तू ये मागाहून. मी हट्टाने थांबवलं. नोकरी मिळाली. स्टँडवर आम्ही उसाचा रस प्यालो आणि गावात पोचलो तेव्हा शेतांत खाडी उभी होती.

तेव्हापासून हे त्यांनी पोटात ठेवलं होतं. ते ऐकून मला रडू यायला हवं होतं. माझ्या मनात पहिल्यांदा आली ती फाईल. माणसाची चूक हवी होती, ती घरातच सापडली. घरची बोली सोडून ऑफिसच्या सुरात मी म्हणाले, "बाबा, हे सभेत सांगा." आज लिहितानाही लाज वाटते. पण तेव्हा मला त्या भिंतीपलीकडे काही दिसत नव्हतं.

सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. बाबा टोपी हातात घेऊन उभे राहिले. सगळं बोलले, फक्त माझी मुलाखत गाळली. पनवेलला काम होतं, एवढंच म्हणाले. कुणी आवाज चढवला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेजारची काकी बाबांकडे नुसती बघत राहिली. तिचं शेत सगळ्यात आधी गेलं होतं आणि तिच्या नवऱ्याने पुढे जन्मभर कंटेनरच्या यार्डात ओझी उचलली. बऱ्याच वेळाने तिने हात वर केला आणि मग सगळ्यांनी केले. ठराव मंजूर झाला. बाहेर पडताना सगळे आम्हाला वळसा घालून गेले.

महिन्याभरात फाईल परत आली. तिवरं कुणामुळे आली हा प्रश्न नाही, आज ती तिथे आहेत, सबब परवानगी नाही. ऑफिसात आमच्या साहेबांनी शेरा वाचला आणि म्हणाले, हे तुला आधीच कळायला हवं होतं. खरंच होतं. दुसऱ्या कुणाची फाईल असती तर मी पहिल्या दिवशीच सांगितलं असतं.

मी गावी जाऊन बाबांना सांगितलं. ते खाटेवर बसले होते, मागे बांबू. माझ्याकडे पनवेलला राहायला चला, असंही मी म्हणाले. घराचं, भिंतीचं, पावसाचं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"मी बोललो ते सभेच्या वहीत लिवलंय," ते म्हणाले. "ते आता खोडता येल का गो?"

"नाय, बाबा," मी म्हणाले. "त्याखाली सगल्यांच्या सह्या हायत."