चौकटींना पांढरा हात

पांढऱ्या लाकडाने घरात उजेड येतो, आणि उजेड आला की माणसाला आपली वाट सापडते. हे वाक्य माझं नाही. ते रंगाच्या डब्यावर छापलेलं होतं, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत, डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवावे, असंही होतं. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केल्यामुळे मला बारीक अक्षरं आधी वाचायची सवय आहे. पण तोवर डबा विकत घेऊन झाला होता.

डबा घ्यायला लावला माझ्या मुलीने. ती पुण्यात लोकांची घरं सजवून देते. आमचं घर धामापूरच्या जरा पुढे. तारकर्लीच्या खोल्या भरल्या की उरलेले पर्यटक आत गावांकडे वळतात, त्यांच्यासाठी आपण पुढच्या दोन खोल्या द्यायच्या, असं तिने ठरवलं. निवृत्त बापाला काहीतरी उद्योग हवा, हेही तिनेच ठरवलं. भिंती चालतील, म्हणाली, पण लाकूड फार काळं आहे. ते घासायचं, त्यावर पातळ पांढरा हात द्यायचा आणि ओला असतानाच फडक्याने पुसून काढायचा. म्हणजे पांढरं लाकडाच्या रेषांत बसतं आणि बाकीचं लाकूड दिसत राहतं. तिच्या धंद्यात याला पिकलिंग म्हणतात. आमच्याकडे ते कैरीचं करतात.

लाकूड काळं होतं हे खरं. चौकटी फणसाच्या, आणि वाळवी लागू नये म्हणून त्यांना वर्षानुवर्षं काजूच्या टरफलाचं तेल पाजलेलं. चतुर्थीच्या आधी भिंतींना चुना आणि लाकडाला तेल, एवढीच आमच्याकडची गृहसजावट. त्यात सौंदर्यदृष्टी किती आणि वाळवीची भीती किती, हे कोणी तपासलेलं नाही.

शिमग्याच्या आधी बायको आणि मी कामाला लागलो. तेल प्यालेलं लाकूड घासताना लाकडाला काही होत नाही, पॉलिश पेपर मात्र चिकट होऊन गुळगुळीत होतो. नवा घ्यायचा, तोही गुळगुळीत करायचा. दुपारपर्यंत खांदा दुसऱ्या कोणाचा तरी वाटायला लागे. पहिला हात दिला, पुसला, आणि खरोखर बरा दिसला. सकाळी बघतो तर चौकटभर चहा सांडल्यासारखे डाग. आतलं तेल वर आलं होतं. मुलगी रोज संध्याकाळी फोनवर चौकटी बघायची. "अजून एक हात द्या, पप्पा," म्हणायची. आम्ही द्यायचो, तेल पुन्हा वर यायचं. शेवटी पुसणं सोडून दिलं आणि नुसतं फासत गेलो. रेषा बुजल्या, डागही बुजले. भिंत पांढरी, चौकट पांढरी, दाराची फळीही पांढरी.

"मिनिमल दिसतंय," मुलगी फोनवर म्हणाली.

"हॉस्पिटल दिसता," बायको म्हणाली आणि ब्रश धुवायला गेली.

हे सगळं चालू असताना माझे वडील पडवीतल्या बाकड्यावर बसून असत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आहे. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलंय की आता उरलंय तेवढंच राहील, तेही नशीब असेल तर. तरी ते घरात कोणाचा हात न धरता फिरायचे. पडवीतून माजघर, माजघरातून स्वयंपाकघर, तिथून मागीलदारी, आणि अंगण ओलांडून संडास. वाटेत तीन दारं. "म्हातारो अजून काठयेशिवाय फिरता," असं शेजारी म्हणायचे, आणि हे वाक्य कानावर पडावं म्हणून वडील कधीकधी शेजारी आल्यावर मुद्दाम उठत. आम्ही याचं श्रेय सवयीला देत होतो.

काम संपत आलं तसे वडील बाकड्यावरून उठेनासे झाले. विचारलं तर म्हणत, "काय नाय, बसलंय." जायचं झालं की मला हाक मारून हात पुढे करायचे, आणि हात धरल्यावर तोंड दुसरीकडे वळवायचे. मग बायकोच्या लक्षात आलं. "आयकलात? बाबा दुसरी चाय नको म्हणतत."

वडिलांनी दुसरा चहा नाकारणं ही आमच्या घरात साधी गोष्ट नाही. मी त्याचा अर्थ लगेच लावला. चौकटी त्यांच्या वडिलांनी बसवलेल्या, आपण त्या पुसून टाकल्या, म्हातारा माणूस मूकपणे निषेध करतो आहे. त्या संध्याकाळी मी मुलीला फोनवर परंपरा, स्मृती आणि वारसा यांवर बरंच काही ऐकवलं. ती म्हणाली, वाळवीचं औषध म्हणजे वारसा नव्हे. दोघंही चांगलं बोललो. वडील पडवीत होते, त्यांना कोणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपलो होतो, म्हणून त्यांनी हाक मारली नसावी. उठून बघतो तर ते माजघरात, भिंतीवर तळहात ठेवून, हळूहळू सरकत होते. दाराची फळी हाताखालून गेली, ती मांजरांमुळे ओढून घेतलेली. हाताने वाट शोधायची सवय नसल्याने त्यांना ती भिंतच वाटली. पुढे सरकत ते तांदळाच्या पिंपाला जाऊन अडकले आणि तिथेच थांबले.

"दार खंय नेलात रे?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"हयंच आसा, बाबा."

"तुका दिसता म्हणान तुका हयं आसा."

मग कळलं. त्यांना वस्तू दिसत नव्हत्या, पांढऱ्यावरचं काळं तेवढं दिसत होतं. भिंतीवर काळी चौकट म्हणजे दार. बाकी घर नाही दिसलं तरी चालत होतं.

"मगे सांगलात नाय कित्याक?"

"तुमी दोगां घासून घासून मेलात. त्यात आणि माझां खंय सांगू?"

मी त्यांना मागीलदारी नेऊन आणलं. बायकोने तेवढ्यात प्रत्येक दाराशेजारच्या खिळ्याला एकेक काळी छत्री अडकवली. कोकणातल्या घरात छत्र्यांना तोटा नसतो. उपाय चांगला होता. पण थोड्या वेळाने माजघरातून वडिलांचा आवाज आला, "कोण तां? आत ये, दारात कित्याक उभो रवलस?" छत्री वाट देईना म्हणून ते अदबीने तिच्यासमोर थांबून राहिले होते. छत्र्या काढल्या.

मुलीला फोन केला. छत्र्यांपर्यंतचं सगळं सांगितलं.

"म्हणजे आजोबांना चौकटी दिसत होत्या?"

"चौकटीच दिसत होत्या."

"मग त्यांच्या वाटेवरच्या काळ्याच करा. जाहिरातीच्या फोटोंचं मी बघते."

पाहुण्यांच्या खोल्या पांढऱ्या राहिल्या. वडिलांच्या वाटेवरची तीन दारं आम्ही पुन्हा घासायला घेतली. रंग पक्का करणारा वरचा पारदर्शक हात द्यायचा राहिला होता, तेवढंच सुदैव. चढवताना लाकूड पांढरं राहत नव्हतं, आता उतरवताना पांढरं निघत नव्हतं. काजूच्या कारखान्यातून तेल आणलं. ते कातडीला लागलं तर भाजतं, म्हणून काठीला चिंधी बांधून लावायचं. वासाने डोकं उठलं. बायको म्हणाली की या घरात आता कोणी रंगाचं नाव काढलं तर ती माहेरी जाईल. तिचं माहेर आंबोलीला आहे, तिथल्या पावसात रंग टिकतच नाही.

तेल वाळलं त्या संध्याकाळी मी पडवीत बसलो होतो. हात उचलवत नव्हते. काळ्याशिवाय पांढऱ्याला आकार नसतो, असं एक वाक्य मनात तयार होत होतं, आणि ते डब्यावर छापण्याइतकं वाईट आहे हेही कळत होतं.

वडिलांनी दोन कप चहा घेतला, आणि कोणालाही हाक न मारता संडासाला जाऊन आले.