मास्तरांचा सैल हात

मास्तरांनी उभा जन्म शिलाई मशीनवर काढला. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा दुकान आवरून ते लेकाकडे राहायला आले. लेक मालाचा ट्रक चालवायचा, चार दिवस घरी तर आठ दिवस बाहेर. घरामागची ब्रॉयलर कोंबड्यांची शेड सुनेच्या अंगावर होती. मास्तर म्हणाले, बसून काय करू, मीही हात लावतो. सुनेला बरं वाटलं. हा हात कसा आहे, हे तिला अजून कळायचं होतं.

कपडे शिवताना मास्तरांचा एकच सिद्धान्त असे. वाढत्या मुलाच्या कपड्यात माया भरपूर सोडायची, म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं कापड राखून ठेवायचं. त्यांनी शिवलेली पँट पहिल्या वर्षी जमीन झाडायची, दुसऱ्या वर्षी बेताची व्हायची आणि तिसऱ्या वर्षी धाकट्या भावाच्या पायात पुन्हा जमीन झाडायला लागायची. इथे तर पिल्लं अशी, की आज मुठीत मावलेलं आठवड्याने ओंजळीतही मावेना. अशा वाढत्या जिवांच्या बाबतीत हात आखडता घेणं मास्तरांच्या रक्तातच नव्हतं.

खाद्यात मिसळायची जीवनसत्त्वांची आणि क्षारांची पावडर डब्यातून यायची. डब्यात एक इवलंसं माप असायचं. एका पोत्याला एक माप. मास्तरांनी ते डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि एवढ्यात मुंगीचं तरी भागतं का, असं विचारलं. हाडं बळकट होतात, पिसं चांगली येतात, पण सगळं प्रमाणात दिलं तरच, असं सुनेने परोपरीने सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली. तिची पाठ वळली, की ते खाद्याच्या भांड्यांवर मूठमूठ पावडर भुरभुरत हिंडायचे.

क्षार जास्त झाले, की कोंबडीला तहान लागते. कोंबड्या पाण्याला चिकटल्या त्या हलेनात. वरून जेवढं गेलं तेवढं खालून आलं. अंथरलेल्या भुशाचा चिखल झाला, शेडमध्ये पाऊल टाकलं की उग्र वासाने डोळ्यांतून घळाघळा पाणी. कोंबड्यांचे तळपाय चिघळले आणि त्या वजनाला भरल्याच नाहीत. पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीचे डॉक्टर नाकाला रुमाल लावून एक फेरी मारून आले. पुढची बॅच अशीच निघाली, तर तुमच्याकडे पिल्लं येणार नाहीत, एवढंच बोलले.

मास्तर शेजारीच उभे होते. डॉक्टरांची मोटरसायकल दिसेनाशी झाल्यावर म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? पावडर कमी पडली."

सून खोरं घेऊन चिखल ओढायला लागली. नवऱ्याला सांगावं, तर तो बापापुढे मांजर. स्वतः बोलावं, तर ज्याने जन्मभर लोकांची मापं घेतली त्याला माप शिकवायचं कुठल्या तोंडाने? शिवाय मास्तर आल्यापासून घरात कोणीतरी तिला जेवलीस का म्हणून विचारत होतं. तेही तिला घालवायचं नव्हतं.

नवी पिल्लं आली त्या दिवशी तिने मक्याचं पीठ चाळलं आणि मास्तरांच्या डब्यात भरून ठेवलं. खरी पावडर गेली कपाटात, चादरींच्या मागे. मास्तर आंघोळीला गेले, की ती मापाने खाद्यात कालवून मोकळी व्हायची. मग मास्तर डबा बगलेत मारून यायचे आणि मन भरेपर्यंत पीठ भुरभुरायचे. भुसा कोरडा राहिला. कोंबड्या गरगरीत झाल्या. या खेपेला डॉक्टरांचा रुमाल खिशातच राहिला. आजोबा, जमलं बुवा तुम्हाला, असं म्हणून ते गेले. मास्तरांची मान त्या दिवसापासून जी ताठ झाली, ती जेवतानाही वाकेना.

ही बातमी कुंपणापलीकडच्या काकूंच्या कानावर गेली. त्यांची स्वतःची शेड होती आणि पिल्लं अजून लहान होती. त्या गुपित विचारायला आल्या. मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली आणि डब्यावर लिहिलेलं भित्र्या लोकांसाठी असतं, आपण मूठ भरून टाकावी, असं सांगितलं. काकू उठल्याच.

सुनेने त्यांना दारात गाठलं. काकू, असं काही करू नका, मापानेच घाला, म्हणाली.

"हो गं बाई," काकू म्हणाल्या, "तुमच्या फुगू देत, आमच्या राहू देत काटकुळ्या."

सुनेच्या डोळ्यांपुढे तो चिखल उभा राहिला. तिने काकूंचा हात धरला, त्यांना परत आत आणलं आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "बाबा, तुमच्या डब्यात मक्याचं पीठ आहे. पावडर मी घालते. मापाने."

मास्तरांनी डबा उघडला. बोट बुडवून जिभेला लावलं. झाकण घट्ट बसवलं आणि आत निघून गेले. काकूंनी हसू लपवायला तोंड फिरवलं, पण खांद्यांनी दगा दिला. जाताना मात्र पोत्याला किती, हे त्यांनी सुनेला दोनदा विचारून घेतलं.

त्या दिवशी जेवलीस का, असं कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सून शेडमध्ये एकटीच वावरत होती. मास्तर व्हरांड्यात पाठमोरे बसून रस्ता बघत होते.

तिसऱ्या सकाळी ते शेडच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"मी आलो की धावत यायच्या," ते कोंबड्यांकडे बघत म्हणाले. "ते पिठासाठी?"

खोटं बोलायची ताकद सुनेत उरली नव्हती. "पिठासाठीच. मका आवडतो त्यांना. मी आले तर ढुंकूनही बघत नाहीत."

मास्तर दाराच्या पायरीवर टेकले.

"जाडसर होतं," ते म्हणाले. "जिभेला लागलं मला. चाळणी आण."

तिने चाळणी आणून दिली. मास्तर पायरीवर बसून पीठ चाळू लागले. थोड्या वेळाने कुंपणापलीकडे काकू दिसल्या, तेव्हा त्यांनी आपणहून हाक मारली आणि मका दोनदा चाळावा लागतो, एकदाच चाळलेला कोंबडीच्या घशाला टोचतो, हे त्यांना सविस्तर समजावून सांगितलं.