कानामागचं हिरवं

आमच्या यांना स्टुडिओत सगळे पोपट म्हणतात. उभं आयुष्य हिरव्या भिंतीकडे बघण्यात गेलं म्हणून. यांना त्याचा राग येत नाही. मला येतो.

तळघरातली ती खोली मी पाहिली आहे. खिडकी नाही, तीन भिंती काळ्या आणि एक हिरवीगार. हिरव्यासमोर माणूस उभा राहतो, यंत्र हिरवं तेवढं काढून टाकतं आणि त्याच्या जागी हवं ते चित्र येतं. डोंगर म्हणा, विमानतळ म्हणा, काचेचा दिवाणखाना म्हणा. एकदा मुलाखतीला आलेल्या डॉक्टरांनी समोरच्या पडद्यावर टेबल बघितलं आणि खुशाल त्यावर कप ठेवला. टेबल तिथे नव्हतंच. चहा बुटांवर. सगळे हसले, यांना मात्र आपलं टेबल इतकं खरं वाटलं याचंच कौतुक. आठवडाभर मला तेच ऐकवत होते.

हिरव्यातून माणूस कापून काढणं हे यांचं काम. काप स्वच्छ आला नाही तर केसांच्या कडेला हिरवी झालर उरते, नाहीतर अख्खा खांदाच गायब होतो. त्या भिंतीला रंग दिला तो दर वेळी वेगळ्या डब्यातला, त्यामुळे हिरवं कुठे गडद, कुठे फिकं. दिवे जुने, तापले की पिवळे पडतात. म्हणून कार्यक्रम संपेपर्यंत यांचा हात बटणांवरून हलत नाही. घरी आले की दिवसभराच्या हिरव्यामुळे पांढरी भिंत गुलाबी दिसते म्हणतात. दिसू दे बापडी, तेवढाच बदल.

लेक समुद्रकाठच्या गावात राहते. जाण्यायेण्यातच तीन दिवस मोडतात. नात चालायला लागली, तरी आजोबांनी तिला पाहिलं ते फोनवरच. रजा मागितली की मालकांचं ठरलेलं उत्तर: तुमच्या खुर्चीत बसणारा माणूस द्या आणि आरामात जा. असा माणूस कुठे होता? या वेळीही तेच झालं. मी दोघांची बॅग भरून ठेवली होती. यांचे कपडे परत कपाटात ठेवताना माझा जो तोंडाचा पट्टा सुरू झाला, तो जेवणं होईपर्यंत थांबला नाही.

त्यावर यांनी काढलेला तोडगा यांनाच सुचावा. लेकीने बाल्कनीतून काढलेला समुद्राचा फोटो होताच. त्यात मी उभा राहतो, म्हणाले, तू नेऊन नातीला दाखव. आणि सुट्टीच्या दिवशी मला तळघरात घेऊन गेले.

यांनी बटणं जुळवली आणि भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. तोवर दिवे तापले होते. पडद्यावर यांच्या छातीतून समुद्र दिसायला लागला. पळत आले, जुळवलं, पळत गेले. आता खांदा नाही. असं करता करता धाप लागली, तेव्हा कुठे मला खुर्चीत बसवलं आणि भिंतीपासून सांगायला लागले. डावीकडचं गोल बटण, हळू. छाती भरली की थांब. आता उजवीकडचं, केसांकडे बघ.

मी फिरवलं. छाती भरली. खांदा जागेवर आला. दूध वर आलं की आच कमी करावी, तेवढंच ते काम.

"एवढंच आहे?" मी विचारलं. "मग शिकवा की तुमच्या स्टुडिओतल्या कॅमेरावाल्याला. आठ दिवस बसेल तो."

"शिकवलं की मग मला कोण विचारतंय?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मालक नवे दिवे घ्यायला, भिंत नीट रंगवून घ्यायला दोनदा तयार झाले होते. यांनीच नको म्हटलं. आहे ते चांगलं आहे, मी सांभाळतो. भिंत धड असली की काप आपोआप येतो, मग त्या खुर्चीत कोणीही चालतं. म्हणजे कडी यांनी स्वतःच आतून लावून घेतली होती, आणि मी इतकी वर्षं मालकांच्या नावाने बोटं मोडत होते.

मला भयंकर राग आला. पडद्यावर हे समुद्राकडे पाठ करून, कुठे बघावं ते न कळून हसत उभे होते.

"मालकांपाशी यातलं काही बोलू नकोस," म्हणाले.

मी फोटो तेवढा काढला.

लेकीकडे एकटीच गेले. तिने तो फोटो चौकटीत घालून बाल्कनीच्या दारापाशी लावला. नात येता-जाता त्याला बोट लावून आजोबा म्हणते. परवा शेजारीण आली. तिने एकदा फोटोकडे बघितलं, एकदा बाहेर बघितलं आणि म्हणाली, आजोबा येऊन गेलेले दिसतात. लेक स्वयंपाकघरात निघून गेली.

फोनवर मी यांना ते मुद्दाम सांगितलं. वाटलं, आता तरी लाज वाटेल, निदान चार दिवसांची रजा टाकतील. हे खूश होऊन हसले.

"कडा नीट आल्यात ना?" म्हणाले. "उजेडात धरून बघ. हिरवं नाही ना राहिलं कुठे?"

मी चौकट काढून बाल्कनीत नेली. समोर समुद्र होता, खाली नात लेकीजवळ वाळूत बसली होती.

"राहिलंय," मी म्हटलं. "कानामागे. येऊन काढा."

"येताना घेऊन ये," म्हणाले. "काढून देतो."