समुद्र नसलेल्या गावातलं उत्तरतीर

या ब्लॉगवर आजवर मी किनाऱ्यांबद्दलच लिहीत आले. कोकण, गोवा, एकदा ओडिशा. त्यामुळे सुनंदाचा फोन आला आणि ती म्हणाली, "आमच्या गावी एक समुद्र आहे, बघायला ये," तेव्हा मला वाटलं ही माझी फिरकी घेतेय. सुनंदा माझी कॉलेजातली मैत्रीण, पुसदला शाळेत शिकवते, आणि तिचं माहेर महागाव तालुक्यातलं मांडवखेड. तिथून खरा समुद्र गाठायचा तर दिवसभर गाडी हाकावी लागते. मी तिला तसं म्हटलंही.

"समुद्र खोटा आहे, भांडण खरं आहे," ती म्हणाली. "यंदा जरा जास्तच खरं आहे. होळीनंतरच्या रविवारी ये, आणि आलीस की तोंड बंद ठेव."

तोंड बंद ठेवायची अट कुणी घातली की मी हमखास जाते. शनिवारी सकाळी नागपूर सोडलं. वर्धा, कळंब, यवतमाळ असा रस्ता आता इतका गुळगुळीत आहे की डुलकी लागायची भीती. कळंबला थांबून चहा घ्याच. टोलसाठी फास्टॅग भरलेला असू द्या, वाद घालण्यात अर्थ नसतो. आर्णीच्या पुढं कोसदनी घाट लागला आणि दोन्ही बाजूंना पळस पेटलेला होता. गाडी कडेला घेऊन फोटो काढले, ते खाली दिलेत. महागावपासून पुसदकडं वळलं की कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून टाकलेली शेतं सुरू होतात. पुसदला साधी पण स्वच्छ लॉज मिळतात, हजाराच्या आत खोली होते. मी अर्थातच सुनंदाकडं उतरले.

जेवताना तिनं सगळं सांगितलं. मांडवखेडचे दोन भाग आहेत: एक गाव, एक तांडा. गावात कापूस, सोयाबीन, तूर पिकवणारी शेतकरी घरं. तांड्यात बंजारा घरं. त्यांचे पूर्वज बैलांवर मीठ लादून देशभर फिरायचे, आता तेही शेतीच करतात. दोघांच्या मधोमध, पूस नदीच्या काठी, एका कडुनिंबाखाली शेंदूर लावलेला दगड आहे. गाव म्हणतं तो मारुती. तांडा म्हणतो ती याडी, म्हणजे आई. त्यावरून आजोबा-पणजोबांच्या काळात डोकी फुटली. शेवटी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं की या दगडावर आपण बोलायचं नाही. बोलायचंच असेल तर ते भांडण कुठंतरी लांब नेऊन बोलायचं.

म्हणून त्यांनी एक किनारा बनवला. समुद्र आला तो तांड्याच्या मिठातून. दिशा उत्तर ठरली, कारण सगळ्यांचे सोयरे दक्षिणेला, पैनगंगेकडं. उत्तरेला जाऊन खरंखोटं कुणी करणार नव्हतं. त्या उत्तरतीरावर दोन पंथ राहतात, दिवा पुजणारे आणि शंख पुजणारे. दीपवाल्यांचा दीपगड, शंखवाल्यांचं मीठबंदर, आणि मधे काळा खडक, ज्यावर दोघांचा हक्क. दरवर्षी होळीनंतर त्या किनाऱ्याच्या इतिहासात एक प्रकरण वाढतं. एका वर्षी गाव सांगतं, पुढच्या वर्षी तांडा. तिथं तह झालेत, शंखांची चोरी झालीय, एका दुष्काळात समुद्रच मागं सरकला होता. दीपवाले म्हणजे गाव आणि शंखवाले म्हणजे तांडा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण तसं म्हणायचं नाही.

"आणि हुंकार," सुनंदा म्हणाली. "सांगणाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला समोरच्या बाजूच्या माणसानं 'हूं' द्यायचा. हूं दिला की ते घडलं. मग कुणालाही पुसता येत नाही, पुढच्या वर्षी तिथूनच पुढं जायचं. हूं नाही दिला तर कथा मोडली."

"मोडली तर काय होतं?"

"एकदा मोडली होती. माझ्या आजोबांच्या कपाळावर खूण होती तेव्हाची."

यंदाची अडचण अशी की सुनंदाचे काका, वामनराव, यांनी महिन्याभरापूर्वी त्या दगडाभोवती लोखंडी गेट बसवून कुलूप लावलं होतं. गावाकडून कथा सांगणारे आणि हुंकार देणारेही तेच. गेल्या वर्षी त्यांनी शंखवाल्यांच्या सगळ्या होड्या जाळून टाकल्या होत्या. यंदा पाळी तांड्याची, कमलाबाईंची, आणि त्यांच्या नातीचं लग्न अक्षय्य तृतीयेला होतं. याडीपुढं नारळ फोडल्याशिवाय त्यांच्याकडं नवरीला हळद लागत नाही. तांड्यातली पोरं गेट तोडायला निघाली होती, कमलाबाईंनीच त्यांना रविवारपर्यंत थांबवून धरलं होतं.

रविवारी दुपारी मांडवखेडला पोचलो. वामनकाकांकडं ज्वारीची भाकर, पातोडीचा झणझणीत रस्सा आणि वर आग्रह. माणूस वाईट वाटेना, हीच पंचाईत. मी न राहवून गेटचं विचारलं.

"कुत्रे शिरतात तठी," ते म्हणाले. "बकऱ्या येतात. देवाची विटंबना होते. दुसरं काही नाही."

"मग किल्ली तांड्यात एक दिली असती तर?"

सुनंदानं टेबलाखालून पाय दाबला. काकांनी माझ्या ताटात आणखी रस्सा वाढला.

ऊन उतरल्यावर आम्ही नदीकाठी गेलो. पात्रात पाणी कमीच, एका डोहात म्हशी बसलेल्या. निंबाखाली सतरंज्या टाकलेल्या, एकीकडं गाव, एकीकडं तांडा, आणि मधे ते नवंकोरं निळं गेट. मागच्या बाजूला दोन्हीकडची पोरं उभी होती, हातात मोबाइल. रस्त्यावर पोलिसांची गाडी थांबलेली. चहाची किटली फिरली, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं. इतकी माणसं जमलेली असताना एवढी शांतता मी कुठंच अनुभवलेली नाही, आणि खरं सांगते, मला तिथून निघून जावंसं वाटलं.

कमलाबाई उठल्या नाहीत, बसूनच बोलायला लागल्या. बारीक अंगाच्या, डोक्यावरून पदर, आवाज मात्र खणखणीत. समोर, हाताच्या अंतरावर वामनकाका.

"उत्तरतीरावर शंखवाल्याइच्या होड्या जळाल्या होत्या. राख अजून गरम होती."

"हूं."

"शंखवाले मशाली घेऊन दीपगडाकडं निघाले."

"हूं."

"दीपगडाले लोखंडाचं दार होतं. नवंच लावलं होतं."

गावाच्या बाजूनं चुळबुळ झाली. काकांनी घसा खाकरला. "हूं."

"काहून लावलं, तं कुत्रे शिरतात म्हणून."

तांड्यातली पोरं हसली. गावाकडच्या एकानं शिवी हासडली, त्याला शेजाऱ्यानं दंडाला धरून खाली बसवलं. वामनकाकांचे कान लाल झाले होते. बऱ्याच वेळानं त्यांचा हूं आला.

"आत दीपवाला एकटा होता. दाराले आतून कुलूप होतं. बाहेर समुद्र चढून राह्यला होता."

"हूं."

"पाणी दाराखालून आत शिरलं. दीपवाल्याच्या हातची किल्ली पाण्यात पडली. सापडेना."

आता काका गप्प. आणि मला कळलं ते का गप्प आहेत. हूं दिला की दीपवाला स्वतःच्याच दाराआड कोंडला गेला, हे कायमचं घडलं. बाहेर मशाली. पुढचं वाक्य कमलाबाईंच्या हाती. गेल्या वर्षीच्या होड्यांचा हिशेब त्या एका वाक्यात चुकता करू शकत होत्या, आणि त्यालाही मग पुसायचा मार्ग नव्हता. पोरं सतरंजीच्या कडेला सरकली. पोलिसांच्या गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

आणि मी म्हणाले, "हूं."

कसा गेला तोंडातून ते मला सांगता येणार नाही. लहानपणापासून गोष्ट ऐकताना हूं म्हणायची सवय, आणि ती शांतता मला सोसवेना. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. सुनंदानं तोंडावर हात ठेवला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"हा हूं कोणाचा?" वामनकाका मागं वळून म्हणाले. "पाहुणीचा हूं चालत नाही."

"काहून नाही चालत?" तांड्यातला एक जण ओरडला. "तुमच्याच घरी जेवली ना थे? मंग तुमचाच हूं झाला."

"नाही झाला."

"झाला. आता माघार कायले?"

दोन्हीकडची माणसं उठायला लागली. कमलाबाईंनी मागं न बघता हात वर केला.

"चूप बसा रे. नाही चालत. वामनभाऊ बरोबर सांगून राह्यले. पाहुणीचा नाही चालत, पोट्ट्यायचा नाही चालत. त्याइच्याच तोंडून आला पाह्यजे." मग त्या काकांना म्हणाल्या, आवाज एकदम खाली आणून, "भाऊ, मोडाची असन तं मोडा. पण मागच्या साली तुमी होड्या जाळल्या, तवा मी हूं म्हटलं होतं. माझ्याच होड्या होत्या थ्या."

वामनकाका खाली सतरंजीकडं बघत राहिले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. आला तो हूं इतका हळू की मागच्यांना ऐकूच गेला नसावा. कमलाबाईंनी तो पुन्हा मागितला नाही.

"शंखवाल्यायनं मशाली वाळूत खुपसल्या. बाहेरून त्याइनं दार ओढलं, आतून दीपवाल्यानं ढकललं."

"हूं."

"दार निघालं. समुद्रात गेलं."

"हूं."

"झालं," कमलाबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

टाळ्या नाहीत, गळाभेट नाही. माणसं आपापल्या वाटेनं पांगली. वामनकाका घरी गेले. गेट होतं तिथंच होतं, कुलपासकट. तांड्यातली पोरं जाताना त्याच्याकडं बघत गेली. मी सुनंदाची दहा वेळा माफी मागितली. तिनं पुसद येईपर्यंत मला काहीही ऐकवलं नाही, आल्यावर मात्र सगळं ऐकवलं.

नागपूरला परतल्यावर हे लिहायला घेतलं आणि पुन्हा पुन्हा थांबले. उत्तरतीर बघायला जा, असं मी तुम्हाला सांगू का? रस्ता चांगला, जेवण फक्कड. पण तो किनारा पर्यटनाचा नाही. तिथली माणसं तो जीव मुठीत धरून सांभाळतात, आणि माझ्यासारख्या पाहुणीच्या एका हूंनं तो जवळपास बुडाला होता. दुसऱ्याला दिलेला होकार इतका महाग पडू शकतो, हे मी तोवर जाणलं नव्हतं. शंखवाल्यांच्या होड्यांना हूं देताना कमलाबाईंना कसं झालं असेल, हे आजही माझ्या डोक्यातून जात नाही.

लेख अर्धवट असतानाच, काल दुपारी, माहेरी गेलेल्या सुनंदाच्या नंबरवरून फोन आला. पलीकडं वामनकाका होते.

"बाई, तुमी समुद्र पाह्यला ना?"

पाह्यला, मी म्हटलं.

"पुढच्या साली सांगाची पाळी माही हाय. म्हणून इचारतो. लोखंडाचं दार त्यात पडलं, तं किती टिकते?"

मी खरं तेच सांगितलं की खाऱ्या पाण्यात लोखंड फार टिकत नाही, गंजून भुगा होतो.

"म्हणजे परत लावता येत नाही."

"नाही येत, काका."

त्यांनी पलीकडं कुणाला तरी गोठ्याचं दार लावून घ्यायला सांगितलं.

"अठलं गेट मी काढून गोठ्यात ठेवलं हाय," ते म्हणाले. "गैरसमज नोको. पावसानं गंजन म्हणून काढलं."

बाहेर नागपूरचं चैत्रातलं ऊन रणरणत होतं, पावसाला अजून सगळा उन्हाळा जायचा होता. बरं केलंत, मी म्हटलं, पावसाचा काही नेम नसतो.