न विचारलेला बाप

मे महिन्यात गारफील्ड गावात पाट्यांना ऊत येतो. ज्या घरातलं पोर शाळा संपवून बाहेर पडतं, त्या घरापुढच्या हिरवळीवर त्याच्या नावाची आणि पुढच्या कॉलेजची पाटी रोवलीच पाहिजे. नाही रोवली तर शेजारी समजायचं ते समजतात. या हौसेवर कॉन्राड लिसोव्स्कीचं निम्मं पोट चालायचं. पाट्या छापायचं त्याचं दुकान पंचवीस वर्षं एकाच जागी होतं आणि तेवढ्या वर्षांत त्याने कुणाच्या नावाचं एक अक्षर चुकवलं नव्हतं. बाकीच्या चुका त्याने दुकानाबाहेर केल्या.

त्या वर्षी शाळेच्या पालक मंडळाने नेहमीसारखी यादी पाठवली, एकशे चाळीस नावांची. त्र्याऐंशीवं नाव होतं टेस लिसोव्स्की, आणि पुढे ॲशबर्न कॉलेज, व्हरमाँट. कॉन्राडने ते दोनदा वाचलं. टेस त्याची एकुलती एक मुलगी. तिने अर्ज कुठे केले, बोलावणं कुठून आलं, यातलं त्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. गावाला पाटी वाचून जे कळणार होतं, ते बापाला पाटी छापताना कळलं, एवढाच काय तो त्याचा मान. त्याने पाटी छापली, बाकीच्यांच्या गठ्ठ्यात ठेवली आणि चौऱ्याऐंशीवी घेतली.

त्याचं आणि डोरीनचं लग्न मोडलं तेव्हा टेस अकरा वर्षांची होती. दर बुधवारी बापलेक हमरस्त्यावरच्या एका खाणावळीत जेवायचे. टेसच्या सोळाव्या वाढदिवसाला तिथेच कसल्याशा क्षुल्लक गोष्टीवरून वाद झाला आणि कॉन्राड म्हणाला, ‘‘अगदी आईवर गेलीयस तू.’’ पोरगी पुढ्यातला केक तसाच टाकून उठली. पुढच्या बुधवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आधी कॉन्राडला वाटलं, महिनाभरात येईल ताळ्यावर. मग वाटलं, आपणच ताळ्यावर यायला हवं होतं. तोवर ती फोन उचलेनाशी झाली होती.

ऑगस्टमध्ये कोर्टाचा कागद आला. ॲशबर्नची निम्मी फी बापाने द्यावी, असा डोरीनचा अर्ज होता. गारफील्डच्या राज्यातला न्यायही मजेदार आहे. एकत्र नांदणाऱ्या बापाने सज्ञान पोरीला ‘कॉलेजचं तुझं तू बघ’ म्हटलं तर त्याला कुणी हटकत नाही. घटस्फोट झालेल्या बापाला मात्र न्यायाधीश बोलावून जाब विचारतात. कॉन्राडला रकमेपेक्षा रीत झोंबली. तो तणतणत वकिलीणबाईंकडे गेला.

मिसेस आयेलो साठीच्या, जिभेला धार असलेल्या. कागद वाचून त्या खूश झाल्या. ‘‘लग्नाला बोलावलं नाही आणि जेवणाचं बिल धाडलं होय? कॉलेज ठरवताना तुम्हाला विचारलं होतं?’’

‘‘नाही.’’

‘‘मुलगी बोलते तुमच्याशी?’’

‘‘तीन वर्षं झाली.’’

‘‘फारच छान!’’ बाई म्हणाल्या. मग त्याचं तोंड पाहून जरा नरमल्या. ‘‘म्हणजे केससाठी छान हो. बापाशी नातंच ठेवलं नसेल तर कोर्ट त्याला सहसा फीला धरत नाही. आता एक करा. तुम्ही किती फोन केले, किती कार्डं धाडली, त्यातलं किती वाया गेलं, सगळं तारीखवार लिहून आणा. जेवढं जास्त, तेवढं बरं.’’

कॉन्राडने यादी केली. सव्वीस फोन, तीन वाढदिवस, तीन नाताळ. लिहिताना त्याला आपण जिंकणार याची खात्री पटत गेली आणि तसतसं जेवण जाईनासं झालं. फी वाचवायची तर पोरगी आपली राहिली नाही हे आपणच पुराव्यानिशी सिद्ध करायचं, आणि तेही सहीनिशी. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

कोर्टात टेस आईच्या बाजूला बसली होती. केस कापले होते, उंच वाटत होती. न्यायाधीशबाईंनी तिलाच विचारलं, ‘‘वडिलांशी तुझं नातं कसं आहे?’’

डोरीनने तिला कोपराने ढोसलं. कसं उत्तर द्यायचं ते घरून ठरवून आणलं असणार. पण टेसला खोटं बोलता यायचं नाही. हा गुण मात्र तिने आईकडून घेतला नव्हता, असं कॉन्राडचं मत.

‘‘नाहीये,’’ टेस म्हणाली. ‘‘मी सोळाची होते तेव्हापासून नाहीये. त्यांनी पैसे द्यायची गरज नाही. मी कर्ज काढीन.’’

‘‘टेस!’’ डोरीन दबक्या आवाजात ओरडली.

मिसेस आयेलोंनी पेनाला टोपण लावलं. केस संपली होती. न्यायाधीशबाईंनी कॉन्राडकडे पाहिलं. ‘‘तुमचंही तेच म्हणणं आहे, मिस्टर लिसोव्स्की?’’

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. यादी हातातच होती.

‘‘फोन मी केले, तिने उचलले नाहीत, हे खरं आहे मॅडम,’’ तो म्हणाला. ‘‘पण नातं नाही असं तुम्ही निकालात लिहिणार असाल, तर नको. मी देतो फी.’’

‘‘कॉन्राड, खाली बसा,’’ मिसेस आयेलो पुटपुटल्या.

‘‘बसतो. फक्त मार्क कळवत जा म्हणावं. या वेळी मला पाटी छापताना कळलं, मॅडम. मीच छापली ती.’’

टेस खाली बघत होती. निकाल लिहिला गेला: निम्मी फी बापाने द्यावी, आणि दर सत्राचा मार्कांचा कागद मुलीने बापाला पाठवावा.

बाहेर जिन्यापाशी टेसने त्याला गाठलं. ‘‘मी मागितले नव्हते तुझे पैसे.’’

‘‘माहितीये.’’

‘‘मग कशाला?’’

‘‘मग काय. अभ्यास कर.’’

‘‘हे अगदी तुझ्यासारखं झालं,’’ ती म्हणाली आणि आईच्या गाडीकडे निघून गेली.

मिसेस आयेलोंनी जाताना त्याला सांगितलं, की तीस वर्षांच्या वकिलीत जिंकलेली केस उठून हरणारा गाढव त्यांनी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी आपली फीही पूर्ण घेतली.

कॉन्राड रविवारीही दुकान उघडू लागला. गाड्यांवर नावं रंगवायची कामं पूर्वी तो नाकारायचा, ती घ्यायला लागला. जानेवारीत ॲशबर्नहून पाकीट आलं. आत मार्कांचा छापील कागद, बाकी अवाक्षर नाही. बरे मार्क होते. त्याने पाकीट उलटं करून झटकलं, आत पाहिलं, आणि स्वतःचाच राग आला त्याला. कोर्टाने मार्क पाठवायला सांगितले होते, पत्र कुठे सांगितलं होतं?

जूनमध्ये दुसरं पाकीट आलं. इंग्रजी उत्तम, इतिहास उत्तम, केमिस्ट्रीत जेमतेम डी. कॉन्राडच्या कपाळाला आठ्या पडल्या. एवढी फी भरून डी? मग कागदाच्या तळाशी बॉलपेनने लिहिलेल्या दोन ओळी त्याला दिसल्या.

‘‘डॅड, केमिस्ट्रीचं मॉमला सांगू नकोस. उन्हाळ्यात परीक्षा परत देतेय.’’

डोरीनशी तो कोर्टानंतर एक शब्दही बोलला नव्हता, आणि हे टेसला पक्कं ठाऊक होतं. तो काउंटरमागच्या स्टुलावर बसला. एका गिऱ्हाइकाला त्याने दहा मिनिटांनी यायला सांगितलं, कोरा कागद घेतला आणि लिहिलं, ‘‘नाही सांगत.’’